तटावर गेलेला चष्मा

दिल्लीतल्या मराठी माणसाचं घर म्हणजे फुकटची धर्मशाळा आणि घरमालक म्हणजे फुकटचा गाइड. कुतुबमिनार मी पाहुण्यांना इतक्यांदा दाखवलाय, की हल्ली तोच मला वाकून नमस्कार करतो. म्हणून साताऱ्याहून सासरे आले तेव्हा त्यांना तुघलकाबादच्या जुन्या किल्ल्यात नेलं. अख्खं शहरच उजाड पडलेलं. तट, बुरूज, छपरं उडालेली घरं, मध्ये काटेरी किकर, म्हणजे आपल्या बाभळीसारखी झाडं. माणसं म्हणाल तर मी, बायको आणि तिचे बाबा.

माकडं मात्र होती. त्यांचा म्होरक्या बसच्या कंडक्टरएवढा आणि तितकाच उर्मट. बाबा तटावर जाऊन उभे राहिले, तसा तो मागून आला, त्यांचा चष्मा ओढला आणि काडी चघळत झाडीत पसार झाला.

त्या चष्म्याशिवाय बाबांना ताटातली भाकरीही चाचपावी लागते. आणि ते उभे होते तिथे कठडा नव्हता. तीन पावलांवर तट संपत होता. खाली नुसते दगड.

"बाबा, हलू नका," बायको म्हणाली.

"मला सगळं दिसतंय," असं म्हणून ते चालू लागले. नेमके कडेकडे. पायाखालचा एक धोंडा सुटला. तो खाली आपटल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला, की मला वाटलं येतच नाही. बाबा थबकले.

मी हाक मारणार, तर बायकोने माझी बाही धरली. "त्यांना दिसत नाही असं म्हणू नकोस," ती कुजबुजली. "मुद्दाम पुढे जातील." रस्ता ओलांडताना कुणी हात धरला तरी झटकणारा माणूस तो.

मी वर चढलो. माझ्या छातीची धडधड गाझियाबादला ऐकू गेली असणार. पायाखाली चुना भुरभुरत होता. त्यांच्यापासून हातभर अंतरावर पोचलो आणि म्हणालो,

"बाबा, मला गरगरतंय. हात द्या, नाहीतर पडेन."

माझ्या तोंडून सलग दोन वाक्यं खरी निघण्याचा प्रसंग विरळा.

"अहो जावईबापू, एवढं काय घाबरायचं?" म्हणत त्यांनी हात पुढे केला. मी नव्हतो त्या बाजूला, मोकळ्या हवेत. मी झडप घालून तो पकडला. हात बर्फासारखा गार होता. मला उभं राहवत नाही म्हटलं, तेव्हा माझ्यावर उपकार म्हणून तेही बसले, आणि दोघं रांगत्या पोरांसारखे घसरत खाली आलो.

टॅक्सीत बायको पुढे बसली, आम्ही दोघं मागे. मयूर विहारातलं आमचं घर येत आलं तरी बाबांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. मग हळूच, मुलीला ऐकू जाणार नाही अशा बेताने, त्यांनी विचारलं, "खाली किती खोल होतं हो?"

"फार नाही, बाबा. आपल्या स्वयंपाकाच्या ओट्याएवढं."

त्यांनी मान डोलावली. पकड मात्र आणखी घट्ट झाली.