वालूर आलं की उठवायचं

सेलूहून सकाळच्या बसने मी वालूरच्या शाळेत जाते. सेलूच्या कापसाच्या जिनिंग मिलमधला एक कामगार रातपाळीच्या आठवड्यात शेजारी बसायचा. मिशीत कापसाचे तंतू, डोळ्यांवर रुमाल. "बाई, आठ दिवसाला पाळी बदलती. घरी पडलं की डोळे टक्क उघडे. हितंच डुलकी लागती. वालूरला उठवा." माझ्या रोजच्या यादीत ते पहिलं काम झालं.

एकदा तो माझ्या खांद्यावर मान टाकून घोरत होता. वालूर आलं तशी मी त्याला उठवायला हात पुढे केला, तर कंडक्टर म्हणाले, "राहू द्या, बाई. परतीच्या फेरीत उतरवतो." मी हळूच उतरले.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "काल इसरल्या ना?"

"हो."

"लय दिसांनी सपान पडलं. आज बी इसरा."

मी यादीतलं पहिलं काम खोडलं.