लोकांसाठी मांडलेला चौरंग

‘लोक काय म्हणतील’ असं कोणी म्हटलं, की माझी मालनमावशी लगेच विचारायची, "कोण लोक? नावं सांग." हे ती चेष्टेने म्हणत नसे. तिला खरोखरच नावं हवी असत, आणि समोरच्याला ती कधीच सांगता येत नसत.

मावशी बेंगळुरात चिकपेटच्या मागे एका अरुंद गल्लीत राहायची. तिचे यजमान रघुजीकाका यांचं जरीच्या काठांचं छोटं दुकान होतं. त्यांचं घराणं कधीकाळी मराठ्यांच्या फौजेबरोबर तिकडे गेलं, फौज परत गेली आणि हे राहिले. मी बेळगावकडचा. १९५७ साली एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि मावशीच्या मधल्या खोलीत मुक्काम ठोकला. "आप्पाजी, अजून स्वल्प भात घे," असं ती म्हणायची तेव्हा मला वाटायचं, स्वल्प म्हणजे डोंगर. थोडंसं हा त्याचा अर्थ मला बाहेर एका दुकानदाराने सांगितला. मावशीच्या ताटात तो लागू नव्हता.

मावशीला मूलबाळ नव्हतं. तिच्याजवळ बाहुल्या होत्या. नवरात्रात तिकडे घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. तिथल्या आपल्या मराठी घरांनीही ती चाल इतकी उचलली आहे, की ती आपलीच म्हणून सांगतात. संध्याकाळी गल्लीतल्या बायका या घरातून त्या घरात जातात, मांडणी बघतात, स्वतःची बरी होती असं मनात ठरवतात, वाटीभर उसळ खातात आणि कुंकू लावून घेऊन निघतात. कुंकू घेतल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. सगळ्या गल्लीत मावशीची मांडणी पहिली. काका उरलेल्या जरीच्या तुकड्यांची बाहुल्यांना लुगडी करून द्यायचे आणि बायका आल्या की स्वतः दुकानात पळायचे.

अठ्ठावन्नच्या श्रावणात काका गेले. त्या वर्षी पेटारे उघडले नाहीत. पुढच्या वर्षी मावशी म्हणाली, "बाहुल्यांनी काय पाप केलंय?" आणि तिने मला माळ्यावर चढवलं. नऊ पायऱ्या रचल्या, रामाचा दरबार मांडला, पातेलंभर हरभरे भिजवले. पदर नीट करून दाराशी पाट टाकून बसली.

कोणीही आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. बायका दारावरून जायच्या, समोरच्या घरात शिरायच्या, हसण्याचा आवाज यायचा. मावशी मात्र रोज हरभरे भिजवायची. पहिल्या दिवशी मी उसळ आवडीने खाल्ली. दुसऱ्या दिवशी कर्तव्य म्हणून खाल्ली. तिसऱ्या दिवशी डबा कचेरीत नेला तर तिथले लोकही माझ्यापासून जरा लांब बसू लागले. मी पातेलं घासायला घेतलं की मावशी तोंड फिरवून उभी राहायची. मला गल्लीचा असा संताप आला होता, की एकेकीच्या दारात जाऊन भांडावं.

भांडायला मावशीच निघाली. तिचा पारा चढला नव्हता, हेच वाईट लक्षण होतं. "मला कोणाला दोष द्यायचा नाहीये," ती म्हणाली. "नको कोण म्हणालं, तेवढं कळू दे. माझ्या घरी यायचं नाही, हे कोणाच्या तरी डोक्यातून निघालं असेल ना? ते डोकं बघायचंय." मला छत्री घेऊन बरोबर चलायला सांगितलं. पाऊस नव्हता. एकटी बाई विचारायला गेली तर भांडण दिसतं, छत्रीवाला भाचा बरोबर असला की ती भेट होते, असं तिचं म्हणणं.

शेजारच्या सकवारबाई म्हणजे मऊ स्वभावाच्या बाई. कोणी काहीही म्हटलं तरी मान डोलवायची त्यांना सवय. मावशीने सरळ विचारताच त्या म्हणाल्या, "अक्का, माझं काय आहे त्यात? मी कधीच आले असते. पण गंगव्वा म्हणाली, बरं दिसत नाही. मी एकटी कशी येऊ?"

समोरची गंगव्वा फटकळ. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. "मी? अय्यो, माझ्या तोंडी घालू नका. कस्तुराबाईंना चालायचं नाही म्हणून मी गप्प बसले. त्यांनी एकदा ‘सरी, ठीक आहे’ म्हणू दे, मी आत्ता येते."

कस्तुराबाई गल्लीच्या टोकाला, दुमजली घरात. नवऱ्याचं रेशमी लुगड्यांचं मोठं दुकान, त्यामुळे गल्लीत कोणती गोष्ट चालते आणि कोणती चालत नाही, हे त्यांच्या भुवयांवरून कळे. मावशीचा प्रश्न ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मला चालायचं नाही? अहो, तुमची मांडणी बघितल्याशिवाय मला नवरात्र वाटत नाही. पण सकवारबाई म्हणाली, कुंकवाचा करंडा पुढे आला की मालनक्काला रडू येईल. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, त्या बाईला आणखी दुःख देऊ नका."

आम्ही पुन्हा सकवारबाईंच्या दारात.

"सकवार, मला रडू येईल असं तुला कोण म्हणालं?"

सकवारबाईंनी बराच विचार केला. "कोण बरं... सगळेच म्हणत होते."

माझं याबाबतीत एक मत आहे, आणि ते मला कोणी विचारलेलं नाही. एकेकटी बाई शहाणी असते. चौघी जमल्या की त्यांच्यात एक पाचवी तयार होते, तिला कोणी पाहिलेलं नसतं आणि चौघी तिलाच भितात. पुरुषांनी हसायचं कारण नाही. आमच्या कचेरीत साहेबांच्या विनोदाला टोकाच्या टेबलापर्यंत सगळे हसतात, आणि तिथे विनोद ऐकूच जात नाही.

घरी येऊन मावशीने रामाचा दरबार उचलून पेटाऱ्यात ठेवला. राम, लक्ष्मण, मारुती, सगळे. मग तिने गल्ली मांडायला घेतली. बाहुल्यांत वाण्याची लठ्ठ बायको होती, तिला सर्वांत रुंद जरीचं लुगडं नेसवून टोकाला बसवलं. त्या कस्तुराबाई. भाजीवाली होती, कमरेवर हात ठेवलेली. ती गंगव्वा. मान डोलवणारी तंजावरी बाहुली होती, ती कोण हे सांगायलाच नको. बाकीच्याही बसवल्या, ज्या घरासमोर ज्या उभ्या असतात तिथेच. आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर, जिथे एरवी राजा-राणी असतात, तिथे एक छोटा चौरंग ठेवला, त्यावर काकांनी कापलेला जरीचा तुकडा अंथरला आणि चौरंग रिकामा ठेवला.

सकाळी भिंतीवरून तिने सकवारबाईंना एवढंच सांगितलं, "तुला मांडलंय गं. गंगव्वाच्या मागे बसवलंय."

संध्याकाळी गल्ली लोटली. मी पडद्याआड कोंडला गेलो. आधी सकवारबाई आल्या, गंगव्वाच्या किती मागे ते बघायला. मग गंगव्वा, सकवारबाई का गेली ते बघायला. मग इतर. अर्ध्या तासात बाहेर असा कल्लोळ झाला, की काकांच्या तसबिरीलाही दुकानात पळावंसं वाटलं असेल.

"माझं तोंड भिंतीकडे का?"

"तू भांडल्यावर तशीच उभी राहतेस."

"गंगव्वा एवढी पुढे कशी? तिचं घर आमच्यानंतर आहे."

"अक्का, माझी मान स्वल्प कमी हलव ना."

प्रत्येकीने स्वतःच्या बाहुलीला जरा पुढे सरकवलं. सगळ्या पुढे सरकल्यामुळे गल्ली पायरीवरून खाली पडायला आली. शेवटी कस्तुराबाई आल्या. सर्वांनी वाट करून दिली. स्वतःचं रुंद जरीचं लुगडं बघून त्यांच्या भुवया खाली आल्या. मग त्यांनी वर पाहिलं. "हा चौरंग कोणाचा?"

"लोकांचा," मावशी म्हणाली. "ज्यांना चालत नाही, ते लोक. सबंध गल्ली हिंडले, सापडले नाहीत. सापडले की बसवणार. तुमच्यापैकी कोणी असलं तर आत्ताच सांगा."

कस्तुराबाई चौरंगापासून एक पाऊल मागे सरकल्या.

उसळ वाटली गेली. वाट्या रिकाम्या झाल्या. आणि मग निघायची वेळ आली, तशा सगळ्याजणी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. कुंकू घेतल्याशिवाय जाता येत नाही, आणि ते लावायला घरची बाई म्हणजे एकटी मावशी. करंडा देवापुढे होता. मावशीने तो उचलला. पडद्याच्या फटीतून मला दिसलं, तिने करंड्याचं झाकण दोनदा उघडून पुन्हा लावलं. ती चौरंगाची चेष्टा करू शकली होती. हे तिला जड जात होतं. यातली एकजण जरी मागे सरली असती, तरी ते पेटारे पुन्हा उघडले नसते.

प्रत्येकजण दुसरीची वाट बघत होती.

"घेतेस, सकवार?" मावशीने हळूच विचारलं.

सकवारबाईंनी मान डोलवली. जन्मभर डोलवली तशीच, विचार न करता. आणि डोलवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आता कपाळ पुढे करायला हवं. त्यांनी केलं. मावशीचं बोट टेकलं. छत पडलं नाही. लगेच गंगव्वा पुढे झाली, सकवारबाईच्या मागे राहणं तिला जमण्यासारखं नव्हतं. मग रांग लागली. आपण शेवटच्या ठरणार हे दिसताच कस्तुराबाई दोघींच्या मधून कोपर घालून पुढे आल्या.

सगळ्या गेल्यावर मावशी पाटावर बसली. तिची दोन बोटं लाल झाली होती. ती बघून मग तिला रडू आलं, सकवारबाईंनी सांगितलं होतं तसंच. मी पातेलं उचललं. तळाशी एकही हरभरा नव्हता.

"तुला उरली नाही रे," ती डोळे पुसत म्हणाली. इतकी आनंदाची उपासमार माझ्या वाट्याला पुन्हा आली नाही.

पुढे ती मांडणी दरवर्षी झाली. राम परत आला, गल्ली खालच्या पायरीवर गेली, चौरंग मात्र वर राहिला. सहासष्ट साली कस्तुराबाईंची नवी सून, वसुमती, धारवाडकडून आली. पहिल्या संध्याकाळी तिला मावशीकडे आणलं. मावशीने करंडा उचलला तशी ती पोर बावरली. तिने मावशीच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, मग सासूकडे पाहिलं.

"वाकून घे," कस्तुराबाई तिच्या कानात म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "पहिलं कुंकू मालनक्काच्या हातचं, अशी या गल्लीची पूर्वीपासूनची रीत आहे. नाही घेतलंस तर लोक काय म्हणतील?"

मावशीने एकदा वरच्या चौरंगाकडे पाहिलं. नावं विचारायचा मोह तिला झाला असणार. पण पोर वाकली होती, म्हणून तिने आधी कुंकू लावलं.