आतल्या संगणकाचा आकडा

औंढ्यात माझं ऑनलाइन अर्ज भरण्याचं दुकान आहे. एका संगणकात मी सॉफ्टवेअरने चार आभासी संगणक बसवले होते, म्हणजे चौघांचे अर्ज एकदम भरता येत. उन्हाळ्यात वीज गेल्यावर इन्व्हर्टर जास्त वेळ चालावा म्हणून मूळ संगणकाच्या प्रोसेसरचा वेग मीच कमी केला आणि विसरलो.

नर्सिंग प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सगळं रखडलं. मेंढरं राखणाऱ्या शेजारच्या वहिनी लेकीचा अर्ज भरायला बसल्या होत्या. मी आभासी संगणकात वेग पाहिला, ३.२ गिगाहर्ट्झ, म्हणजे पूर्ण. पुन्हा पाहिला, तेवढाच. दोष इंटरनेटला दिला.

"भाऊ, काहून अडून राहिलं?"

"मशीन बराबर हाय, वहिनी. आकडा बघा की."

"आकडा बघून माझी पोरगी नर्स व्हईल का?"

पाचला मुदत संपली, अर्ज अर्धाच राहिला. मग मी मूळ संगणकावर पाहिलं: ०.८, जेमतेम पाव वेग. आतला संगणक ठरलेलाच आकडा दाखवतो, खरा वेग त्याला कळत नाही. हे मला आधी माहीत असायला हवं होतं.

त्यांची पोरगी यंदा मेंढरांमागे जाते. मी रोज सकाळी मूळ संगणकाचा वेग तपासतो. तो पूर्ण असतो, आणि तिचं वर्ष गेलेलं असतं.