वाकलेले गुडघे

ग्वाल्हेरात बर्फ उसाच्या रसात घालण्यापुरताच, म्हणून आमचं जोडीचं स्केटिंग चाकांवर, सिमेंटच्या रिंकवर चालायचं. माझा जोडीदार बिर्ला नगरचा मुलगा. तो मला कंबरेला धरून डोक्यावर उचलायचा आणि माझी आई पायरीवर मटार सोलत त्याच्या हातांवर नजर ठेवून असायची. कॉलनीतल्या बायकांनी तिचे कान भरले होते. घरी परतताना ती रोज विचारायची, "तुमच्यात तसलं काही नाही ना?"

संशय मलाही होता, पण वेगळाच. राज्य स्पर्धा तोंडावर आली होती. त्या सकाळी मला उचलताना त्याने गुडघे नको इतके वाकवले आणि त्याचे हात कंबरेऐवजी खाली, मांडीवर पडले. आईचे मटार सोलणारे हात थांबले. माझी कंबर कुठे आहे हे या माणसाला डोळे मिटूनही कळायचं. त्याची अशी चूक एकाच कारणाने होऊ शकते. तो माझ्याहून बुटक्या कुणाला तरी रोज उचलत असणार.

"सॉरी, आदत हो गई है," तो म्हणाला.

"किसकी?"

तो खाली बसून लेस बांधायला लागला. लेस सुटलेली नव्हतीच.

स्कूटीवर आई मागून म्हणाली, "त्याचा हात कुठे गेला ते पाहिलंय मी. खरं काय ते सांग."

"त्याने जोडीला दुसरी मुलगी शोधली आहे, आई."

"नक्की?" तिने विचारलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बरं झालं बाई."

दुसऱ्या दिवशी तिने पहिल्यांदाच मला रिंकवर एकटीला जाऊ दिलं.