उदयसिंहाचा बेंदूर

आमच्या भावकीतला उदयसिंह बिद्रीच्या कारखान्यात फिटर आहे. घरी बैलजोडी आहे आणि तोंड फटकळ. एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. मला तो त्यासाठीच आवडतो.

दुसऱ्या मुलीच्या वेळी त्याची बायको संयोगिता मरता मरता वाचली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आता तिसरं नको. घरी आल्या आल्या उदयसिंहाची आई म्हणाली, "मग हिचंच आप्रीशन करून टाका." आमच्याकडं हे असंच चालत आलंय. बाळंतपणं बाईनं सोसायची, वर ऑपरेशनही तिनंच करून घ्यायचं, आणि बाप्याला नुसती सर्दी झाली तरी घर डोक्यावर. उदयसिंह त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात जाऊन स्वतः नसबंदी करून आला.

झाकूनही ठेवलं नाही. डेअरीत दूध घालायला गर्दी होती. कुणीतरी विचारलं, "कुठं गायबलातासा?"

"नसबंदी करून आलोय. कुणाला करायची आसंल तर सांगा, संगं येतो की."

कुणाला हसावं की नाही कळेना, कुणाला कुठं बघावं कळेना.

आमच्या लोकांना जनावरातलं भारी कळतं, पण तेच माणसालाही लावून मोकळे होतात. नसबंदी म्हणजे बैलासारखं खच्ची करणं, असा गावभर समज झाला. त्यात उदयसिंहाचे चुलते हंबीरराव पुढं. भावकीत थोरले म्हणून सगळे त्यांना आबा म्हणतात. गावच्या शाळेचा पट घटलाय, ती शेजारच्या गावच्या शाळेला जोडायचं चाललंय. टीव्हीवर कुणीतरी म्हणालं, देशात पोरं कमी जन्मतात, तीन-तीन होऊ द्या. झालं! आबा पारावर बसून देश वाचवायला लागले. त्यांच्या स्वतःच्या लेकाला पुण्यात एकच मुलगी आहे, ते मात्र कधी निघत नाही.

आणि यंदा बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, करीचा मान आला उदयसिंहाच्या घराकडं. वेशीत पिंपरीच्या झाडाच्या पाल्याची दोरी आडवी बांधतात, तीच कर. मानकऱ्यानं आपला बैल पळवत आणून ती तोडायची. भावकीत पाळीपाळीनं फिरणारा मान. एकदा हुकला की त्या घराची किंमत गेली. आबांनी आधीच निरोप धाडला, मान दुसऱ्याला दे. उदयसिंहानं शिंगं रंगवली, झूल घातली आणि बैल घेऊन वेशीत हजर झाला.

आबा करीखाली आडवे उभे. "खच्ची माणसाच्या हातनं कर तुटायची न्हाय. मागं फिर."

राग मलाच आला.

"आबा, मला कायबी झाल्यालं न्हाय," उदयसिंह म्हणाला. "पर ह्यो बैल? ह्येला खच्ची करताना पाय तुमीच धरलंतासा की. त्येला सकाळधरनं ववाळताय, निवद दावताय. मग मीच कसा इटाळलो?"

पोरंसोरं फिदीफिदी हसली. आबांचा चेहरा लालबुंद झाला. "हसा! उद्या शाळंला कुलूप लागंल तवा कळंल. घरात वंशाला दिवा न्हाय, आणि ह्यो..."

बाया आरतीची ताटं घेऊन एका अंगाला उभ्या होत्या. त्यातनं संयोगिता बाहेर आली. चुलत सासऱ्यांसमोर कधी मान वर न करणारी बाई. ताट तिनं सासूच्या हातात दिलं आणि करीखाली आबांसमोर जाऊन उभी राहिली.

"मामंजी, रगात माझं गेलंय. माझी थोरली त्याच शाळंत जाती, उद्या धाकटीबी जाईल, तिला कुलूप लागू नये म्हणून पंचायतीम्होरं बसायला मी पयली यीन. पर शाळंचा पट भराय माझं प्वाट न्हाय."

मागनं सासू ताट घेऊन पुढं झाली. आम्हाला वाटलं, सुनेला आवरायला आली. ती म्हणाली, "भावजी, सरका. बैल खोळंबलाय."

आबा सरकले.