पाण्यावर झाडलेली गोळी

फौजेतून निवृत्त झाल्यावर दादा एका खाजगी सुरक्षा कंपनीत लागला. मालवाहू जहाजं एडनच्या आखातातून जातात तेव्हा चाच्यांपासून राखण करायला बंदूकधारी रक्षक बरोबर घेतात. त्यांतला तो एक. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी एम.ए. झाले ती त्याच्या या नोकरीच्या जोरावर.

मागच्या खेपेहून तो तात्यापाऱ्यातल्या घरी परतला, तो दार उघडंच टाकून आत येऊन बसला. आई म्हणाली, "दुनियेच्या जहाजायची राखण करते, न् घरच्या दाराची कडी लावाचं भान नाही!" एरवी तो हसला असता.

एका दुपारी मी त्याला बूढा तलावावर नेलं. सैरीची एक बोट वळून आमच्याकडे येऊ लागली, तसा तो ताडकन उभा राहिला. बोटीतली पोरं हात हलवत होती.

"काहून रे दादा?"

मग त्यानं सांगितलं. तिकडचे कोळी लांबवर जाळी पसरतात. जहाज जाळ्यावर येऊ लागलं की ते वाचवायला होडी भरधाव आडवी घालतात, ओरडतात. चाचेही असेच येतात. आधी बंदूक आपल्या डोक्यावर उंच धरून दाखवायची, तरी नाही वळले तर पाण्यात गोळी. त्यानं दोन्ही केलं.

"होडी थांबली. उभा होता तो माणूस खाली बसला. मंग दुर्बिणीतून पाहिलं, तं आत नुसती जाळी. चढाची शिडी नाही, हत्यार नाही."

"लागली त्याले?"

"काय मालूम. भेवानं बसला असन. पण उठला नाही."

"जहाज थांबवलं नाही?"

"तिथं थांबत नाही, बाई. कप्तानानं वेग वाढवला. सगळ्यायनं माही पाठ थोपटली."

मी मोबाइलवर पुष्कळ शोधलं. तिकडच्या एका कोळ्याची बातमी कोण देणार? आता वर्गात शिकवताना फळ्याकडे तोंड केलं की वाटतं, मागे कोणीतरी मान खाली घालून बसलंय. चेहरा मला माहीत नाही.

परवा कंपनीचा फोन आला. आई रडली. दादा बॅग भरू लागला.

"तोच रस्ता हाय का?" मी विचारलं.

"हव."

तो न वळता म्हणाला, "तिथं पुन्हा जाळी असतीन. तो माणूस एकडाव उभा दिसला पाह्यजे."

नको जाऊ, म्हणायचं ठरवून मी दारात उभी होते. तोंडातून निघालं, "नीट पाहून घेजो."