रशियन शेतकऱ्याला साताऱ्याची बोली देणाऱ्या निकमबाई

डॉ. विजया निकम यांची आणि माझी पहिली भेट साताऱ्याच्या कॉलेजात झाली, ती माझ्या डब्यामुळे. खंडाळा तालुक्यातल्या गावाहून मी रोज एसटीने येत असे. डबा खायला रिकामी खोली शोधत एका वर्गात डोकावले, तर आत चार विद्यार्थी आणि फळ्यावर सहा पायांच्या भुंग्यासारखे एक अक्षर. मी मागे फिरणार, तोच बाई म्हणाल्या, "ये, बस. डबा उघड. जेवताना कान मोकळेच असतात." त्या दुपारी भाकरीबरोबर मी पहिले रशियन वाक्य शिकले.

त्याच महिन्यात सूचना लागली : पंधरा दिवसांत दहा विद्यार्थी झाले नाहीत, तर रशियनचा वर्ग बंद. सांगलीतली कायमची नोकरी सोडून येऊन बाईंनी हा वर्ग शून्यातून उभा केला होता. त्या थेट निवृत्त सैनिकांच्या बैठकीत जाऊन उभ्या राहिल्या. रणगाड्यांवरच्या रशियन पाट्या वाचण्यात उमेदीची वर्षे गेलेले एक सुभेदार म्हणाले, "पाट्या लय वाचल्या बाई, आता गोष्टी वाचू." त्यांच्यासह पाच जणांनी नावे दिली. नऊ झाले. दहावे नाव माझे व्हायचे होते. पण माझ्या वडिलांनी प्रवेशअर्जावर सही करायला साफ नकार दिला.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी बाई आमच्या घरी आल्या. वडील नुकतेच उसाला पाणी देऊन परतले होते. "आवं बाई, ह्यो रशिया लय लांब हाय. पोरीला त्याचा काय उपेग?"

बाईंनी वाद घातला नाही. पिशवीतून स्वतःच्या अनुवादाची वही काढली आणि बर्फात घोडा गमावलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची गोष्ट वाचू लागल्या. वडील मान खाली घालून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "थांबा. 'माझा घोडा मृत्यू पावला' असं कुनी म्हनतंय व्हय? जनावर गेल्यावर मानूस म्हनतो, 'माझा गडी गेला.'"

बाईंनी पेन काढले. मग त्यांनी ते वाक्य खोडले, वडिलांचे वाक्य लिहिले आणि विचारले, "आणि पुढं काय म्हणेल हो तो?"

दोघे दिवस मावळेपर्यंत त्या वहीवर बसले होते. गोष्ट संपल्यावर वडील म्हणाले, "ह्यो तर आपल्यातलाच हाय की! सही कुठं करायची?"

वर्ग वाचला. त्या कथांचे पुस्तक झाले, गाजले, आणि त्याच्या पहिल्या पानावर बाईंनी माझ्या वडिलांचे आभार मानले. एवढ्या विदुषी, पण बरोबर शब्द कुणाकडूनही घ्यायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. पुढे त्यांच्याच आग्रहाने मी मॉस्कोला शिकले आणि आज सांगलीत रशियन शिकवते. डॉक्टर व्हायला रशियाला निघालेली मिरजेची मुले आता आमच्याकडे प्रवेशासाठी रांग लावतात. यंदा दुसरी तुकडी काढावी लागली! बाईंना हे कळवले, तेव्हा त्या फोनवर लहान मुलीसारख्या हसल्या.

पंचाहत्तराव्या वर्षी बाईंनी एक जाडजूड कादंबरी अनुवादाला घेतली आहे. "किती वर्षं लागतील?" असे मी विचारले. "लागू देत. मला कुठं जायचंय?" त्या म्हणाल्या. बाई, तुमचे डोळे आणि गुडघे अशीच साथ देवोत, आणि शंभरीच्या समारंभात त्या कादंबरीची प्रत तुमच्या सहीसकट आम्हा सर्वांच्या हाती पडो.